प्रोसेसर घासायचा का? आधी कूलर उलटा करून बघा

या वेळी आलेल्या प्रश्नांत एकच विषय फिरून फिरून आलाय, प्रोसेसर आणि त्याच्यावर बसून त्याची उष्णता ओढून घेणारा कूलर वॉटर पेपरवर, म्हणजे पाणी लावून वापरायच्या सँडपेपरवर, घासून सपाट केले की कॉम्प्युटर थंड राहतो हे खरं का. मे महिना आहे, वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत सगळ्यांचीच मशिनं तापतायत, त्यामुळे विचारणं साहजिक आहे. पहिलं उत्तर लांब झालंय पण ते सोडून खालची वाचू नका, कारण बाकीच्यांचा पाया तिथेच आहे.

प्रश्न (मालवण): दादा, आमची निवास-न्याहारी आहे आणि पाहुण्यांचे स्कूबाचे, ड्रोनचे व्हिडिओ मीच घरी एडिट करून देतो. रायझन ५ ५६०० आहे, बॉक्समध्ये आलेलाच कूलर, तीन वर्षं झाली. रेंडर लावला, म्हणजे तयार व्हिडिओ बनवायला टाकला, की ९० डिग्रीच्या आसपास जातो आणि पंखा एवढा ओरडतो की बाजूच्या खोलीतले पाहुणे येऊन विचारतात. मित्र म्हणतो प्रोसेसरची वरची पत्री आणि कूलरचा तळ दोन्ही घासून आरशासारखे कर, १० डिग्री उतरेल. पेपर आणून ठेवलाय, हिंमत होत नाहीये. घासूक व्हया काय नको ता एकदाचा सांगा.

उत्तर: प्रोसेसर नको. कूलर घासता येतो, पण तुमच्या बाबतीत त्याचीही गरज पडेल असं मला वाटत नाही. का ते नीट सांगतो.

आपल्याकडे चिऱ्याची भिंत बांधताना बघितली असेल. चिरा कितीही तासलेला असला तरी एकावर एक ठेवला की सगळीकडे टेकत नाही, मध्ये फटी राहतात, आणि त्या भरायला गवंडी माल घालतो. चांगला गवंडी सांधा पातळ ठेवतो कारण भिंतीची ताकद चिऱ्यात असते, मालात नाही. प्रोसेसर आणि कूलरमध्ये अगदी हेच चालतं. दोन्ही धातू डोळ्यांना गुळगुळीत दिसतात पण टेकतात फक्त उंचवट्यांवर, बाकी हवा. तांब्याची उष्णता वाहून न्यायची क्षमता साधारण ४००, हवेची त्याच मापात ०.०२६, म्हणजे पंधरा हजार पटींचा फरक. दोन्हींच्या मध्ये लावतात त्या थर्मल पेस्टचा आकडा धरा ५. हवेपेक्षा जवळजवळ दोनशे पट चांगली आणि तांब्यापेक्षा ऐंशी पट वाईट. म्हणून पेस्ट हवीच, पण जितकी पातळ बसेल तितकी बरी, आणि घासायची सगळी कल्पना एवढ्यावरच उभी आहे की दोन्ही बाजू सपाट असल्या तर मधला थर पातळ होतो.

आता तो किती पातळ होऊन किती फायदा होतो याचा हिशोब कोणी करत नाही, आपण करू. तुमचा प्रोसेसर जोरात चालताना जास्तीत जास्त ७६ वॉट ओढतो. वरची पत्री चार सेंटिमीटर बाय चार आहे पण उष्णता सगळ्या पत्रीतून सारखी येत नाही, आतली चिप नखाएवढी, तिच्या वरच्या भागातूनच जास्त येते, तर आपण फक्त ४ चौरस सेंटिमीटर धरू. पेस्टचा थर ०.१ मिलिमीटर धरला तर त्या थरात साधारण पावणेचार डिग्रीचा फरक पडतो. घासून तो थर निम्मा केलात, ०.०५ वर आणलात, तर जेमतेम दोन डिग्री वाचल्या. बस. थर पूर्ण नाहीसा केला तरी पावणेचारच्या वर काही मिळत नाही कारण तिथे तेवढंच अडकलेलं होतं. मग मित्राच्या १० डिग्री येतात कुठून? त्या खोट्या नसतात, मी स्वतः तसे आकडे बघितलेत, पण घासायच्या निमित्ताने माणूस कूलर काढतो, तीन वर्षांची वाळून खडू झालेली पेस्ट पुसतो, पात्यांमधली धूळ झाडतो, नवी पेस्ट लावतो आणि या वेळी स्क्रू नीट सारखे आवळतो, आणि १० डिग्री उतरल्या की सगळं श्रेय पेपरला देतो. घासणं सोडून बाकी सगळं करा, बहुतेक डिग्र्या तिथेच मिळतील.

प्रोसेसर का नको ते आता. ती वरची चंदेरी पत्री मुळात तांब्याची असते आणि वर निकेलचा मुलामा. घरातल्या पितळेच्या पातेल्याला कल्हई का करतात हे कोकणात कुणाला सांगायला नको, कल्हई गेली की ताक कळकतं. निकेल म्हणजे त्या पत्रीची कल्हई आहे. ती तिथे थंड करायला नाहीये, निकेल उष्णता वाहून न्यायला तांब्यापेक्षा कमीच आहे, ती आहे तांबं हवेपासून वाचवायला. पुण्यात एसीत बसून कोणी ती घासून काढली तर तांबं वर्षभर बऱ्यापैकी टिकेल. मालवणात खिडकीतून खारा वारा येतो, आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मिठाचा कण स्वतःच विरघळून खारट थेंब होतो, आणि आपल्याकडे पावसाळाभर दमटपणा त्याच्या वरच असतो. उघडं तांबं आणि त्यावर खारट थेंब, पुढचं तुम्हाला देवघरातल्या तांब्याच्या तांब्यावरून माहीतच आहे. घासण्याचे व्हिडिओ बनवणारे बहुतेक जण समुद्रापासून लांब राहतात, त्यामुळे ही गोष्ट त्यात कधी येतच नाही, आणि आपल्यासाठी तीच सगळ्यात मोठी आहे.

दुसरं म्हणजे पिना. तुमच्या एएम४ (हा सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेचा प्रकार) प्रोसेसरला खालच्या बाजूला १३३१ पिना आहेत, केसासारख्या. प्रोसेसर उलटा धरून काचेवर पुढे-मागे फिरवायचा म्हणजे बोटं त्या पिनांवरच येणार. माझ्या एका मित्राच्या कोपऱ्यातल्या सहा-सात पिना अशाच वाकल्या, सुईने सरळ करताना एक तुटली आणि चालता प्रोसेसर गेला, तो दिवस मी विसरलेलो नाही. शिवाय बऱ्याच प्रोसेसरांत पत्री चिकटवताना कडेला बारीक फट ठेवलेली असते, तिथून धातूची भुकटी मिसळलेलं पाणी आत जाऊ शकतं. आणि पत्रीवरचं मॉडेल, सिरियल नंबर घासून गेला की वॉरंटी संपली आणि उद्या विकायला काढलात तर कोणी हातही लावणार नाही.

मग करायचं काय. आधी दहा मिनिटं काहीतरी जड काम लावून मशीन गरम होऊ द्या, मग शटडाऊन करून प्लग काढा आणि लगेच कूलर सोडवा. एएम४ मध्ये थंड असताना कूलर सरळ वर ओढला तर वाळलेली पेस्ट प्रोसेसरला सॉकेटमधून उपटून घेऊन येते, म्हणून गरम असतानाच, आणि स्क्रू सुटले की आधी डावी-उजवीकडे हलकासा पिळा मग उचला. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे सोडायचे. बोर्डाच्या मागे एक प्लेट असते ती स्क्रू निघाले की मोकळी होऊन पडते, एका हाताने तिला आधार द्या.

आता कूलर उलटा-सुलटा करून बघा. समुद्राजवळच्या घरातला तीन वर्षांचा कूलर असेल तर पंख्याखाली पात्यांच्या मुळाशी नुसती धूळ नसते, धूळ, तेलकटपणा आणि मीठ यांची चिकट खपली झालेली असते आणि ॲल्युमिनियमवर कुठेकुठे पांढरी भुकटी. ब्लोअरने धूळ उडते, खपली आणि मीठ उडत नाही. पंखा आणि त्याची वायर पूर्ण काढा, नुसता धातूचा भाग भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशने घासा आणि गोड्या पाण्याने दोनदा धुवा. विहीर मचूळ असेल तर ते पाणी नको, पिण्याचं घ्या, नाहीतर काढलेलं मीठ परत लावाल. रात्रभर पंख्याखाली वाळू द्या. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कपड्याने पुसा, नवी मध्ये वाटाण्याएवढी, आणि स्क्रू कर्णावरचे दोन-दोन फेरे देत सारखे आवळा.

त्याआधी आणि नंतर खोलीचं तापमान लिहून ठेवा, हे फार महत्त्वाचं आहे. दुपारी ३४ डिग्रीत मोजून नंतर रात्री २७ मध्ये मोजलं तर काहीही न करता सात डिग्री उतरल्यासारख्या दिसतात. प्रोसेसरच्या आकड्यातून खोलीचा वजा करा आणि तो फरक धरून तुलना करा. एवढं करूनही ओरडत असेल तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, वॉटची मर्यादा ७६ च्या जागी ६५ ठेवून बघा, रेंडर थोडा लांबेल पण पाहुणे झोपतील, किंवा दीड-दोन हजारात हीटपाईपवाला, म्हणजे उष्णता वर पात्यांपर्यंत नेणाऱ्या नळ्यांचा, उभा टॉवर कूलर घ्या. तुमचा बॉक्समधला कूलर पूर्ण ॲल्युमिनियमचा छोटा ठोकळा आहे, त्याचा तळ आरसा केला तरी पाती तेवढीच राहणार आणि हवेत उष्णता सोडायचं काम पात्यांचं आहे.

प्रश्न (कुडाळ): मी घरांचे थ्रीडी डिझाईन करतो, इंटेल आय७ १२७०० आहे. कूलर काढल्यावर दिसलं की प्रोसेसरच्या मध्ये पेस्ट जाड आणि दोन्ही कडांना जवळजवळ नाहीच. स्टीलची पट्टी उभी धरली तर मधून उजेड दिसतो. म्हणजे पत्री खोलगट आहे, इथे तरी घासणं योग्य ना?

उत्तर: तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, तपासणीही बरोबर केलीत, फक्त दोष प्रोसेसरच्या पत्रीचा नाहीये. या पिढीपासून, म्हणजे २०२१ च्या शेवटी आलेल्या एलजीए १७०० सॉकेटपासून, प्रोसेसर लांबट झाला आणि त्याला दाबणारी लोखंडी कडी दोन बाजूंच्या मधोमध दाबते. दोन्हीकडून मध्ये दाबलं की तो किंचित वाकतो आणि वरून खोलगट होतो. आता तुम्ही तो हातात घेऊन काचेवर सपाट कराल, आणि परत सॉकेटमध्ये टाकून कडी लावलीत की परत वाकणार. मेहनतही गेली, निकेलही गेलं.

यावर उपाय आहे तो कॉन्टॅक्ट फ्रेम, थर्मलराईट आणि थर्मल ग्रिझली दोघांच्याही मिळतात. मूळ कडी काढून ही चौकट बसवली की दाब चारही कडांवर सारखा येतो. चारही स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने, आणि जास्त आवळू नका, जास्त आवळलं तर रॅमची एखादी स्टिक दिसेनाशी होते, तसं झालं तर घाबरू नका, जरा सैल करून बघा. मूळ कडी बदलल्याने वॉरंटीचा प्रश्न येऊ शकतो हे मात्र लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट. चांगले कूलर बनवणारे तळ मुद्दाम किंचित फुगीर ठेवतात, कारण प्रोसेसर असा खोलगट होतो हे त्यांना माहीत असतं. नॉक्टुआने २०२४ मध्ये एनएच-डी१५ जी२ काढला तो तर तळाच्या फुगीरपणाप्रमाणे तीन प्रकारांत, साधा, जास्त फुगीर एचबीसी आणि कमी फुगीर एलबीसी. म्हणजे पट्टी लावून कूलरचा तळ डुगडुगला तर तो सदोष आहे असं समजून लगेच घासायला घेऊ नका.

प्रश्न (रत्नागिरी): सर, मी आयटीआयला फिटर ट्रेडला आहे. माझ्याकडे बंद पडलेल्या मशीनचा तांब्याच्या तळाचा जुना टॉवर कूलर आहे, तळावर मशिनिंगच्या रेघा नखाला लागतात आणि कोपऱ्यात खोलगट खड्डा आहे. वाया गेला तरी चालेल. घासायची बरोबर पद्धत सांगाल का?

उत्तर: तू घास. हातात कसब आहे, वस्तू जुनी आहे, दोष डोळ्यांना दिसतोय, शिकायला यापेक्षा चांगलं काय. आधी दोन गोष्टी बघून घे. तळ एकसंध तांब्याचा आहे ना, की हीटपाईपच चपटे करून थेट तळाला आणलेत? पाईप थेट दिसत असतील तर हात लावू नको, त्यांची भिंत पातळ असते, आत कमी दाबाखाली थोडं पाणी भरलेलं असतं, भिंत फुटली की तो पाईप संपला. आणि तळापेक्षा खाली येणारे स्क्रू, पट्ट्या असतील त्या काढ.

वर्कशॉपच्या सरफेस प्लेटवर (सपाटपणा तपासायच्या अचूक पाटावर) पेपर घासू नको, सर ओरडतील आणि बरोबरच ओरडतील. स्लायडिंग खिडक्यांच्या दुकानातून किमान ५ मिलिमीटरचा काचेचा तुकडा घे, कडा मारून. फ्लोट काच सपाट असते कारण ती वितळलेल्या कथलावर तरंगवून बनवतात, पिल्किंग्टन कंपनीने ही पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली, आणि कथील म्हणजे तीच आपली कल्हई. खाली ओला टॉवेल टाकून काच सरकणार नाही अशी ठेव, टेबल सपाट हवा नाहीतर काच दाबाने वाकते. गाड्यांच्या पेंटिंगला वापरतात तो काळा वॉटर पेपर ४००, ६००, ८००, १००० असा आण.

तळावर मार्करने चौकटी आख. पेपरवर पाणी आणि साबणाचा एक थेंब. कूलर तळाजवळ, अगदी खाली धर, टॉवरला वर धरलास तर प्रत्येक फेरीला तो डुलतो आणि कडा आधी उतरतात. दाब देऊ नको, त्याचं वजन पुरे. एका दिशेने वीस फेरे, मग नव्वद अंशात फिरवून वीस. फाईलिंगला जी शिस्त शिकवतात तीच इथे. मध्ये मध्ये पुसून बघ, मार्कर कुठे गेला तो उंच भाग, कुठे राहिला तो खोल. ४०० वरच सगळा मार्कर एकसारखा जाईपर्यंत थांब, लोक इथेच घाई करतात आणि पुढच्या नंबरवर जाऊन खड्डा चमकवत बसतात. सपाटपणा ४०० ने येतो, पुढचे नंबर फक्त रेघा बारीक करतात. नंबर बदलताना काच आणि कूलर दोन्ही धू, मागच्या पेपरचा एक कण राहिला तरी रेघ उमटते.

१००० वर थांब. २०००, मग ब्रासो, मग चेहरा दिसेपर्यंत, याने थंडाव्यात काही पडत नाही, आणि पॉलिशचा मेणचट थर राहिला तर उलट पेस्टच्या मध्ये येतो. कोपऱ्यातला तो खड्डा चिपच्या वर येत नसेल तर पूर्ण जाईपर्यंतही घासू नको, कारण काही कूलरांत स्क्रू ठरावीक जागी येऊन थांबतात, तळ जास्त उतरला की दाबच कमी होतो. तुमच्याकडे प्रशियन ब्लू (ठसा बघायचा निळा रंग) असतो, शेवटी प्लेटवर पातळ लावून तळ टेकवून बघ, ठसा कसा उमटतो ते तुला माझ्यापेक्षा चांगलं वाचता येईल. मी माझ्याकडचा असाच एक केला होता तेव्हा खोलीचं तापमान वजा करून तीनेक डिग्री मिळाल्या, एक अख्खी संध्याकाळ गेली आणि मला ती संध्याकाळ फार आवडली होती. तुझा झाला की आकडे कळव, आधीचे आणि नंतरचे दोन्ही, नवी पेस्ट दोन्ही वेळा घालून.

प्रश्न (गुहागर): दादा, गेल्या दिवाळीत कूलरचा तळ घासून चकचकीत केला होता. आता उघडला तर कडेने काळपट लाल झालाय आणि एका कोपऱ्यात हिरवट डाग. चिंच-मीठ लावून काढू का?

उत्तर: चिंच, आगळ, लिंबू-मीठ यातलं काहीही नको ताई. समईसाठी ते चांगलं कारण समई तुम्ही नंतर खळखळून धुता, इथे पात्यांच्या सांध्यात आंबट-खारट थेंब राहिला की तांबं आणि ॲल्युमिनियम जिथे चिकटलेत तिथे ॲल्युमिनियम खायला लागतो. पेस्टखालचा मधला भाग बघा, तो बहुतेक तसाच असेल, कारण पेस्टने हवा अडवली. कडेच्या काळपटपणाने तापमानात फरक पडत नाही, तो तसाच राहू द्या. हिरवा डाग तेवढा १००० च्या ओल्या पेपरने हलक्या हाताने काढा, गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, आणि या वेळी पेस्ट तळाच्या कडेपर्यंत अगदी पातळ पसरवून मगच बसवा. आणि पावसाळ्यात मशीन महिना महिना बंद ठेवू नका, रोज अर्धा तास तरी चालवा, गरम वस्तूवर दव धरत नाही.

प्रश्न (दापोली): लॅपटॉप गेम खेळताना ९७ पर्यंत जातो. त्याचा प्रोसेसर घासता येईल का?

उत्तर: नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. लॅपटॉपमध्ये वर पत्रीच नसते, समोर दिसतं ते थेट सिलिकॉन. काचेसारखं ठिसूळ, कोपरा उडाला की अख्खा मदरबोर्ड गेला. आतला पंखा आणि पाती साफ करून घ्या आणि पेस्टच्या जागी हनीवेलचं पीटीएम७९५० हे फेज-चेंज पॅड लावून घ्या, ते गरम झालं की मऊ होऊन पसरतं आणि पेस्टसारखं हळूहळू बाहेर ढकललं जात नाही, लॅपटॉपला ते फार मानवतं. दुकानदार जाड निळं पॅड लावायला निघाला तर थांबवा, ते मेमरी चिपसाठी असतं.

प्रश्न (अलिबाग): घासण्यापेक्षा लिक्विड मेटल लावलं तर?

उत्तर: कूलरचा तळ ॲल्युमिनियमचा असेल तर अजिबात नाही. लिक्विड मेटलमध्ये गॅलियम असतं आणि ते ॲल्युमिनियममध्ये शिरून त्याचा भुगा करतं. निकेलचा मुलामा असलेल्या तांब्यावर चालतं, पण ते वीज वाहून नेतं, एक थेंब बोर्डावर ओघळला की शॉर्ट. पहिल्यांदाच करणाऱ्याने साधी चांगली पेस्टच वापरावी.

प्रश्न (चिपळूण): नवीन मशीन स्वतः जोडलं, नवा कूलर, नवी पेस्ट, तरी बायोसमध्येच दोन मिनिटांत ९५. तळ वाकडा असेल का? घासून बघू?

उत्तर: कूलर काढा आणि तळावरची पारदर्शक प्लास्टिकची फिल्म सोलली होती का ते आधी बघा. असेल तर सोला, दोन्हीकडची पेस्ट पुसून नवी लावा आणि पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच आहे ना तेही बघून घ्या.